प्रवाशाला भेट द्यायची तर आधी त्याची पिशवी उचलून पाहा

मे महिना तोंडावर आला की, आणि पुन्हा दिवाळीच्या सुट्टीआधी, मुंबईतल्या घराघरांत एक वाद हमखास रंगतो. भाचा लडाखला निघालाय, शेजारच्या काकू अष्टविनायक आटोपून आता चारधामला जाणार आहेत, ऑफिसातली मैत्रीण दर शनिवारी रात्री शेवटची कसारा लोकल पकडून कुठला ना कुठला गड गाठते. या माणसांना वाढदिवसाला, निरोपाला द्यायचं काय? एक बाजू म्हणते, सरळ पाकीट द्या, त्यांचं ते बघतील. दुसरी म्हणते, वस्तूंचे दिवस गेले, आता अनुभव भेट द्या. तिकीट काढून द्या, हॉटेलचं बुकिंग करून द्या. तिसरी बाजू वादात पडतच नाही, चाकांची मोठी बॅग आणते आणि मोकळी होते. हा वाद वर्षानुवर्षं चुकीच्या जागी चालला आहे असं मला वाटतं. तिन्ही बाजू भेटीची किंमत मोजतात, तिचं वजन कोणी मोजत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रवाशासाठीची भेट रुपयांत नाही, ग्रॅममध्ये मोजावी. आणि वस्तू द्यायचीच तर संपणारी, झिजणारी किंवा हरवणारी द्यावी. चार्जिंगची वायर, कुलूप, मोजे, ओआरएसची पाकिटं, पावसात सामान कोरडं ठेवणारी पिशवी, बॅटरीचे सेल या वस्तूंशिवाय कुठलाच प्रवास होत नाही. त्या स्वस्त असतात, सतत लागतात आणि घर सोडताना नेमक्या विसरतात. त्यातल्या बहुतेक पाचशे रुपयांच्या आत बसतात. पण पाचशेच्या आतली भेट म्हणजे हात आखडता घेतला, हा समज आपल्यात इतका घट्ट आहे की माणसं उधारी करून निरुपयोगी वस्तू देतात.

त्या चाकांच्या बॅगेचाच हिशोब करू. देशांतर्गत विमानात हातात न्यायच्या सामानाची मर्यादा साधारण सात किलो आणि विमानाच्या पोटात टाकायच्या सामानाची पंधरा किलो असते. कडक कवचाची केबिन ट्रॉली रिकामीच अडीच ते साडेतीन किलोची भरते. म्हणजे सातातला निम्म्यापर्यंतचा वाटा भेटवस्तूनेच खाल्ला. मऊ कापडाची खांद्याला अडकवायची पिशवी सहाशे ते नऊशे ग्रॅममध्ये येते. विमान सोडून द्या, हा प्रवासी दादरचा पूल कसा चढणार? चाकं गुळगुळीत फरशीवर धावतात. रेल्वेच्या जिन्यावर आणि एसटीच्या उंच पायऱ्यांवर तीच बॅग उचलून न्यावी लागते, आणि एसटीत डोक्यावरच्या फळीवर कडक कवच बसत नाही. वर्षातून दोनदा परदेशी जाणाऱ्याला ट्रॉली उपयोगी आहे, वादच नाही. पण महिन्यातून दोनदा कोकणात जाणाऱ्याला पाच हजारांची ट्रॉली दिली, तर ती माळ्यावर जाऊन बसते, आणि मुंबईच्या घरात माळ्यावरची जागा किती मोलाची असते ते सांगायला नको.

प्रवाशाला काय द्यावं हे आपल्याकडे फार जुन्या काळी ठरून गेलेलं होतं. महाभारताच्या अनुशासनपर्वात जमदग्नी आणि रेणुकेची एक कथा आहे. जमदग्नी बाण सोडत होते आणि रेणुका ते वेचून आणत होती. ज्येष्ठातलं भर दुपारचं ऊन, तिचं डोकं आणि पाय पोळले, ती झाडाच्या सावलीत थबकली. जमदग्नी सूर्यावर संतापले तेव्हा सूर्य ब्राह्मणाच्या रूपात आला आणि त्याने दोन वस्तू दिल्या, छत्री आणि पादत्राणं. त्यातूनच छत्री आणि जोडा दान करण्याचं महत्त्व तिथे सांगितलं आहे. सूर्याने रथ दिला नाही, सोनं दिलं नाही. वाटेत नेमकं जे पोळतं त्यावरचा उपाय दिला. पुढच्या काळातला फिरकीचा तांब्या घ्या. झाकणाला आटे, गच्च बसणारं, वरून धरायला कडी; बैलगाडी कितीही हिंदकळली तरी पाणी सांडत नाही. मुंबईच्या दानशूरांनी काय बांधलं ते पाहा. मस्जिद बंदरजवळच्या भात बाजारात १८७६ साली उभी राहिलेली केशवजी नाईक प्याऊ आजही जागेवर आहे. बंदरावरून ओझी वाहणाऱ्या माणसांना आणि जनावरांना तिथे काय हवं होतं? पाणी.

आणि वारी. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या माणसाला वाटेवरची गावं काय देतात, हे नीट पाहिलं तर भेटीचं सगळं शास्त्र तिथे सापडतं. कोणी चपलांना टाके घालून देतो, कोणी पायांना तेल चोळतो, कोणी पावसाचा प्लॅस्टिकचा कागद देतो. एका कागदाची किंमत ती काय, पण वजन नगण्य, घडी घातली की पिशवीच्या कप्प्यात, पाऊस आला की डोक्यावर आणि रात्री ओल्या जमिनीवर अंथरायलाही तोच. वारीतही जास्तीचं दान वाया जातं, एकाच मुक्कामावर केळ्यांचे ढीग पडतात, हे खरं. पण ते न विचारता केलेल्या दानाचं होतं. ज्याने वारकऱ्याचे पाय पाहिले आहेत तो केळी आणत नाही, तो सुई-दोरा आणतो.

आता दुसऱ्या बाजूंकडे वळतो, कारण त्यांच्या म्हणण्यात दम आहे. रोख पैशांचा मुद्दा सर्वांत बळकट. प्रवाशाला स्वतःची गरज कळते, तुम्हाला कळत नाही. पाकिटाला वजन नाही. नको असलेली वस्तू गळ्यात पडत नाही. शिक्षणासाठी बाहेर निघालेला विद्यार्थी असेल, किंवा ज्याचा प्रवास तुम्हाला जराही माहीत नाही असा दूरचा परिचित असेल, तर पाकीटच द्यावं, एक रुपया चिकटवलेलं. पण जवळच्या माणसाला पाकीट दिलं की होतं काय? पाचशे एक रुपये घरातल्या इतर पैशांत मिसळतात आणि त्यातून वाणसामान येतं. याचं कारण प्रवाशाच्या स्वभावात आहे. मोठ्या खरेदीचा तो महिनाभर विचार करतो, जॅकेटची तुलना करतो, बुटांच्या दुकानात तासभर घालवतो. दीडशे रुपयांची साखळी आणि कुलूप घ्यायला मात्र त्याला सवड होत नाही. मग मनमाडला रात्री दीड वाजता बॅग डोक्याखाली घेऊन अर्धवट झोपतो. छोट्या गरजा मोठ्या खरेदीच्या यादीत कधीच वर येत नाहीत. देणाऱ्याने नेमकी तीच पोकळी भरायची असते, आणि ती भरायला पैशांहून जास्त लागतं ते लक्ष.

अनुभव भेट देणाऱ्यांचा मुद्दा ऐकायला सुंदर आहे आणि व्यवहारात अडखळतो. रेल्वेचं तिकीट नावावर असतं. ते बदलायचं तर गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी अर्ज करून फक्त जवळच्या कुटुंबीयाच्याच नावे बदलता येतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० वरून ६० दिवसांवर आली आहे, म्हणजे चार महिन्यांनंतरच्या गणपतीचं तिकीट वाढदिवसाला देणं शक्यच नाही. विमानाचं स्वस्त तिकीट तारखेला जखडलेलं असतं आणि ते बदलण्याचा खर्च कधीकधी तिकिटाहून जास्त होतो. भेट मिळालेल्या माणसाला मग रजा मागायला लावायची, सोबतीची जुळवाजुळव करायला लावायची, आणि याला आनंद म्हणायचं? अनुभवच द्यायचा तर ज्यात तारीख त्याच्या हातात राहील असा द्यावा. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास त्यासाठी उत्तम आहे, फक्त तो नावावर असल्याने त्याला विचारूनच काढायचा. पण पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना तो देऊ नका. राज्यातल्या पंच्याहत्तरीपुढच्या रहिवाशांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे. हे ठाऊक नसताना दिलेला पास म्हणजे खिशातले पैसे गेलेच, वर आजोबांना अवघडल्यासारखं. युरोपला निघालेल्यासाठी प्रवास विम्याचा हप्ता भरणं हीदेखील चांगली भेट आहे, कारण शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतंच. तिथेही आश्चर्याचा धक्का देऊ नये. वय, आजार, औषधं ही माहिती खरी भरली नाही तर ऐन वेळी दावा फेटाळला जातो.

तिसरा आक्षेप असा की मुरलेल्या प्रवाशाकडे सगळं असतं आणि तो वस्तूंच्या बाबतीत चोखंदळ असतो. अर्धा खरा. अंगावर ज्या वस्तूचा भार पडतो ती त्याच्यासाठी निवडायला जाऊच नये: बूट, पाठीवरची सॅक, स्लीपिंग बॅग, पावसाळी जॅकेट. सॅकची मापं लिटरमध्ये लिहिलेली असली तरी ती बसते पाठीच्या लांबीवर. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर न येता पोटावर आला की सगळं ओझं खांद्यावर जातं, आणि दुसऱ्या दिवशी माणूस हात वर करू शकत नाही. बुटाचा नंबर माहीत असूनही चूक होते, कारण उतरताना बोटं पुढे सरकतात आणि तेवढी जागा प्रत्येकाला वेगळी लागते. पण ‘सगळं आहे’ हे या टिकाऊ वस्तूंबद्दल खरं आहे, संपणाऱ्या वस्तूंबद्दल नाही. चार्जिंगची वायर दोन टोकांपाशी तुटतेच. मोज्यांच्या टाचा विरतातच. कुलुपाची किल्ली हरवतेच. ज्याच्याकडे एक आहे त्याला दुसरी दिली तर ती वाया जात नाही, ती त्याच्या पुढच्या अडचणीची आधीच केलेली सोय असते.

रेल्वेने फिरणाऱ्याचंच उदाहरण घ्या, कारण मुंबईकराचा निम्मा प्रवास रुळांवरच होतो. स्लीपरच्या डब्यात वरच्या बाकावर झोपलेल्याचा फोन खाली खिडकीजवळच्या पॉइंटला लावलेला असतो आणि त्याचा जीव त्या फोनात. दोन मीटर लांबीची, विणलेल्या आवरणाची वायर दोन-तीनशे रुपयांत मिळते आणि ही काळजी संपते. तरीही २०२१ मध्ये रेल्वेने रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याचं ठरवलं, म्हणून झोपण्याआधी फोन भरून घेणं आणि छोटी पॉवर बँक जवळ असणं बरं. खालच्या बाकाखाली सामान बांधायला लोखंडी कड्या असतात. मीटरभर साखळी आणि साधं कुलूप दीड-दोनशेत येतं. स्लीपरमध्ये अंथरूण सहसा मिळत नाही, तेव्हा एक पातळ सुती चादर हवी. जाड सोलापुरी चादर घरी कितीही प्रिय असली तरी ती किलोच्या पुढे जाते, आणि परतताना दमट झालेली असते. टॉवेलचं तर साधं गणित आहे. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा, चौरस मीटरला चारशे ग्रॅम वजनाचा टर्किश टॉवेल कोरडाच ४५० ग्रॅम भरतो आणि जुलैत मालवणला दोन दिवस वाळत नाही, मग कुबट वास मारतो. पंचा दीडशे ग्रॅमच्या आसपास, लवकर वाळणारा. डोक्याला बांधा, बाकावर अंथरा, ओले कपडे त्यात गुंडाळा. परदेशी झटपट वाळणाऱ्या टॉवेलसाठी हजार रुपये मोजण्याआधी हातमागाचे दोन पंचे घेऊन पाहावेत, एवढं मी आग्रहाने सांगेन. गाडीत वापरायला म्हणून छोटी विजेची किटली मात्र कोणाला देऊ नका. डब्यात किटली लावायला रेल्वेची मनाई आहे आणि त्यासाठी कारवाई होते.

पॉवर बँक हा सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत चुकीचा निवडला जाणारा प्रकार. दुकानदार मोठा आकडा पुढे करतो आणि घेणाऱ्याला वाटतं जास्त ते चांगलं. विमानाचा नियम मिलीअँपिअरवर चालत नाही, वॅट-अवरवर चालतो. हिशोब असा: मिलीअँपिअर-अवरला हजाराने भागा आणि ३.७ने गुणा. दहा हजार मिलीअँपिअर-अवरची पॉवर बँक ३७ वॅट-अवरची, वीस हजाराची ७४ची, सत्तावीस हजाराची शंभराला टेकलेली. शंभरपर्यंत बिनपरवाना नेता येते, शंभर ते एकशेसाठसाठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची चालतच नाही. आणि कुठलीही असली तरी ती हातातल्या सामानातच. पोटात टाकायच्या बॅगेत सापडली तर बॅग उघडायला बोलावतात. म्हणजे तीस हजाराची, १११ वॅट-अवरची भारी भेट तुम्ही हौसेने दिलीत तर ती सुरक्षा तपासणीच्या टेबलावरच राहण्याची शक्यता जास्त. वीस हजाराचीही साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅमची असते. दहा हजाराची दोनशेच्या आसपास, आणि बहुतेकांना ती पुरते, फक्त ती किती पुरते हे समजून घ्यायला हवं. आतल्या सेलची वीज ३.७ व्होल्टची, फोनला ती पाचला चढवून जाते आणि वाटेत उष्णतेत थोडी वाया जाते, त्यामुळे दहा हजारातले हाती साधारण सहा-साडेसहा हजार येतात. पाच हजारांच्या बॅटरीचा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा भरतो. घेताना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि त्याखालचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा, आणि क्षमता खोदून किंवा पक्की छापलेली आहे ना ते पाहा. सहा महिन्यांत पुसली जाणारी छपाई असेल तर तपासणीत आकडा वाचता येत नाही आणि वस्तू चांगली असूनही अडकते.

परदेशी जाणाऱ्याला ‘जगभर चालणारा’ अ‍ॅडॅप्टर देण्याची पद्धत आहे. तो दीड-दोनशे ग्रॅमचा ठोकळा सैल सॉकेटमधून गळून पडतो. त्यापेक्षा एक प्रश्न विचारा: कुठे निघालास? दुबई, सिंगापूर, मलेशिया, ब्रिटन असेल तर तीन चौकोनी पिनांचा साधा अ‍ॅडॅप्टर हवा, आणि तो मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, शे-दीडशेला मिळतो. अमेरिका आणि जपानला दोन चपट्या पिना. युरोपात तर आपला दोन गोल बारीक पिनांचा फोन चार्जर बहुतेक ठिकाणी तसाच बसतो, म्हणजे तिथे या भेटीची गरजच नाही. अ‍ॅडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही, हे देताना तोंडाने सांगा. फोनच्या चार्जरवर ‘१००–२४०’ असं छापलेलं असतं, त्याला सगळं चालतं. पण घरातली २३० व्होल्टची किटली जपानच्या १०० व्होल्टवर लावली तर ती जेमतेम पंचमांश ताकदीने तापते. चहाचं पाणी उकळायला फार वेळ लागतो. अमेरिकेतलं हेअर ड्रायर इथे आणून लावलं तर उलट होतं, ते जळतं.

सह्याद्रीत फिरणाऱ्याची गरज आणखी वेगळी. सॅकवर घालायचं पावसाळी कव्हर बाहेरून छान दिसतं, पण पाठीच्या बाजूने ते उघडं असतं आणि मानेवरून ओघळणारं पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं. त्यामुळे राजमाचीच्या वाटेवर कव्हर असूनही कपडे भिजतात. उपाय आतून करायचा: जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी घालून सगळं सामान त्यात, आणि तोंड पिळून बांधायचं. ही भेट पन्नास रुपयांची आहे. थोडे जास्त खर्चायचे असतील तर तोंड गुंडाळून बंद होणारी दहा लिटरची जलरोधक पिशवी द्या, आणि सोबत सांगा की ती दोन-तृतीयांशच भरायची आणि तोंड किमान तीन वेळा दुमडायचं. गच्च भरली तर दुमडायला कापड उरत नाही आणि पाणी आत येतं. हातातल्या विजेरीपेक्षा कपाळावरची बरी, कारण कातळ उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. आणि दुर्गम भागात जाणाऱ्याला ट्रिपल ए सेलवर चालणारी द्या, ते सेल गावातल्या टपरीवर मिळतात. मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी घासली जाते आणि फोड येतो. लोकरमिश्रित किंवा कृत्रिम धाग्याचे दोन जोड आणि सोबत कागदी चिकटपट्टीचं एक रीळ द्या. टाच चुरचुरायला लागली की लगेच, फोड येण्याआधी, ती पट्टी लावायची असते. एक शिट्टीही टाका. धुक्यात हाक पोहोचत नाही, शिट्टी पोहोचते.

ओआरएसची पाच-सहा पाकिटं भेट म्हणून द्यायला लोक लाजतात. का लाजावं? एप्रिलच्या उन्हात कळसूबाई चढताना त्याच्याइतकी उपयोगी वस्तू सॅकमध्ये दुसरी नसते. पण नीट निवडा. औषधाच्या दुकानातलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं, एक लिटर पाण्यासाठी २०.५ ग्रॅम असं लिहिलेलं पाकीट घ्या. गोड पेयांच्या डब्यांवर ‘ओआरएस’ हेच नाव मिरवलं जात होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात ते वापरायला मनाई केली. आणि पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. पेलाभर पाण्यात सगळं ओतलं तर मिठाचं प्रमाण वाढून फायद्याऐवजी अपाय होतो. लहान मुलं सोबत असतील तर हे आवर्जून लिहून द्यावं.

स्वस्त वस्तू दगा देतात, हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. शिवणीवर आतून पट्टी नसलेला रेनकोट तासाभरात खांद्यावर गळतो. मऊ धातूचं कुलूप पक्कडीने उघडतं. नाव नसलेला चार्जर गरम होतो आणि ते धोक्याचं आहे. पण यातून ‘महाग घ्या’ असा निष्कर्ष काढणं चुकीचं. पाचशे रुपयांत सर्वांत वाईट सॅक मिळते, आणि पाचशे रुपयांतच बाजारातली सर्वांत चांगली वायर मिळते. पैसे कमी असतील तर वस्तू छोटी करा, दर्जा खाली आणू नका. आणि घेताना तपासा. रेनकोट उलटा करून शिवणीवरची पट्टी नखाने ओढून पाहा. चेन वीस वेळा उघडमीट करा, कोपऱ्यात अडकते का पाहा. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यासाठी कुलूप घ्याल तर ते फार दणकट नको, जाड कडी लॉकरच्या भोकात जातच नाही. कपडे दाबून भरायच्या कप्प्यांच्या पिशव्या द्याल तर हेही सांगा की त्यांनी जागा वाचते, वजन वाचत नाही. उलट जागा उरली म्हणून माणूस आणखी भरतो आणि काउंटरवर काटा पंधराच्या पुढे जातो. तीन-चारशे रुपयांचा हुकाचा वजनकाटा अशा घरात सोबतच द्यावा. घरीच वजन कळलं तर विमानतळावर बॅग उघडून सगळ्यांदेखत लोणच्याच्या बरण्या काढाव्या लागत नाहीत.

राहिला भावनेचा मुद्दा. भेट म्हणजे उपयोग नव्हे, आठवण, असं म्हणतात. मग शिदोरी काय होती? पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली दशमी दोन-तीन दिवस टिकते हे ज्या बाईला माहीत होतं, तिने ते माहीत करून घेतलं कारण निघालेला माणूस तिला प्रिय होता. उपयोग आणि माया अशी फाळणी आपल्या स्वयंपाकघरात कधीच नव्हती. आजही मेतकूट, तिळाची सुकी चटणी, डिंकाचे लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या यांच्याइतकी उत्तम प्रवासी भेट नाही, फक्त वाट बदलली आहे त्याप्रमाणे त्यात बदल करावे लागतात. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या विमानात चालत नाहीत. त्यात तेल भरपूर असतं आणि साठ्यात ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून त्यांची गणना धोकादायक मालात होते. लोणचं आणि तूप हातातल्या सामानात नको. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला निघालेल्याला खाऊ देताना प्रत्येक पुडीवर पदार्थाचं नाव आणि त्यातले जिन्नस इंग्रजीत लिहून द्या, कारण तिथे उतरल्यावर खाण्याची वस्तू जाहीर करावीच लागते आणि लपवली तर दंड होतो. ते लिहायला बसलेल्या मावशीची माया कुठल्या चांदीच्या निरांजनाहून कमी ठरते?

जगात वस्तू आधीच फार झाल्या आहेत, त्यात आणखी कशाला, असं विचारणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्यांनी दुरुस्ती भेट द्यावी. जुन्या सॅकची चेन दात शाबूत असूनही उघडी राहते, कारण तिची सरक सैल झालेली असते. पक्कडीने दोन्ही कडा हलक्या हाताने दाबल्या की ती पुन्हा धरते, आणि नाही धरली तर बॅग दुरुस्त करणारा शे-दोनशे रुपयांत नवी घालून देतो. मित्राची आवडती सॅक अशी करून आणून देणं ही नव्या सॅकपेक्षा मोठी भेट आहे, कारण ती त्याच्या पाठीला आधीच बसलेली असते. आणि ज्यांच्याकडे पैसे अगदीच नाहीत त्यांच्याकडे वेळ असेल. पहाटे पाचच्या विमानासाठी घरातून निघायची वेळ नेमकी ती असते, जेव्हा रात्री एक ते चारच्या दरम्यान लोकल बंद असतात. डोंबिवलीहून विमानतळावर सोडायला जाणं ही त्या दिवशीची सर्वांत मोलाची गोष्ट. दोन आठवडे शेजाऱ्याची किल्ली सांभाळणं, दाराशी साचणारी पत्रं आत ठेवणं, फ्रिज बंद पडला नाही ना पाहणं, कुंड्यांना पाणी घालणं हेही तसंच. फक्त निघण्याआधी विचारून कागदावर लिहून घ्या: मे महिन्यात गॅलरीतल्या तुळशीला रोज सकाळी पाणी, आतल्या मनी प्लँटला आठवड्यातून दोनदा, आणि गॅसचा कॉक बंद केला आहे का.